लालीबाईचा दोर

जीप आली की तांड्यातली कुत्री भुंकतात आणि लालीबाई थुंकते. कुत्री थोड्या वेळाने गप्प होतात. लालीबाईचं तसं नाही. पाहुणे चहा पिऊन, फोटो काढून, धुरळा उडवत महागावच्या रस्त्याला लागले तरी तिचं तोंड चालूच असतं, आणि ते ऐकायला शेजारणी तूर निवडायचं निमित्त करून तिच्या ओट्यावर येऊन बसतात.

वय साठीच्या पुढचं. नेमकं किती ते तिला ठाऊक नाही आणि तिच्या आधार कार्डालाही नाही. कार्डांवर अर्धा तांडा एक जानेवारीलाच जन्मला आहे. अंगाने काटकुळी, आवाज मात्र नाल्यापलीकडे जाणारा. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही, पण मापाच्या बाबतीत तिला फसवणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही. महागावच्या बाजारातला तेलवाला ती येताना दिसली की माप आधीच पुसून सरळ धरतो.

नवरा शंकरसिंग तांड्याचा नायक. पूर्वी नायकाच्या शब्दावर शे-दोनशे बैल उठायचे नि बसायचे. आता नायकी उरली ती सत्काराच्या खुर्चीपुरती. माणूस मनाने गरीब, पण शालीला हपापलेला. मिळालेल्या सगळ्या शाली त्याने पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून जपून ठेवल्या आहेत. थंडीत पांघरायच्या कामाची त्यांतली एकही नाही. मुलगा ओम पुण्याला कंपनीत आहे. तो दिवाळीला येतो, आईबापाचं भांडण ऐकतो आणि परत जातो.

लालीबाई उमरखेडकडच्या एका तांड्यातून सोळाव्या वर्षी इथे नांदायला आली. सासू भागीरथा कडक बाई. तिने सुनेच्या हातात पहिल्या दिवशी पोळपाट दिला नाही, विहिरीचा दोर दिला. भागीरथाचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. पुढच्या मुक्कामाला पाणी किती खोल आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याचे बैल वाटेत मरतात, ही त्या घरातली शिकवण. लदेणी बंद पडली, लोक जमिनी कसायला लागले, त्यालाही पिढ्या झाल्या. पण भागीरथाने पाण्याची खोली लक्षात ठेवणं सोडलं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळा तांडा रंगात आणि लेंगीच्या गाण्यात दंग असताना ती एकटी विहिरीवर जाई. बादली पाण्यावर टेकेपर्यंत दोर सोडी, आणि दोर काठच्या चपट्या दगडाला जिथे लागला तिथे त्या सालची गाठ मारी. गाठीत जुन्या कपड्याची एक चिंधी, दर साली वेगळी, म्हणजे साल ओळखू यावं. चांगल्या सालची गाठ बादलीच्या जवळ, वाईट सालची लांब.

भागीरथा गेली तेव्हा चांदीचे दागिने नणंदेने नेले आणि लालीबाईच्या वाट्याला दोर आला. अंबाडीचा तो दोर कुजायला लागला तेव्हा तिने नायलॉनचा नवा आणला, दोन्ही दोर अंगणात शेजारी शेजारी ताणले आणि एकूण एक गाठ चिंधीसकट नव्यावर उतरवून घेतली. या दोराने पाणी शेंदत नाहीत. तो वर्षभर घरात खुंटीला असतो आणि होळीलाच उतरतो. शंकरसिंगला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. बायकोचं एक खूळ, असं तो चारचौघांत म्हणे, आणि लालीबाई चारचौघांतच त्याला त्याच्या शालींची आठवण करून देई.

चार-पाच वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका संस्थेचा प्रोजेक्ट तांड्यात आला. हवामान बदल अनुकूलन असं त्याचं नाव, आणि फलकावर पुढे आणखी दोन ओळी. हवामान बदललं हे सांगायला यवतमाळहून माणूस पाठवावा लागतो याचं लालीबाईला हसू आलं. जूनचा पाऊस जुलैत सरकला आणि आला की महिन्याचा एका दुपारीत पडून वाहून जातो, हे दोर तिला कधीपासून सांगत होता. पण नाल्यावर सिमेंटचा बंधारा होणार म्हटल्यावर तिने हसू आवरलं. बंधारा खरोखरच हवा होता. नाल्यात पाणी अडलं, मुरलं, तर विहीर जूनपर्यंत टिकणार होती. नाहीतर एप्रिल लागला की बायकांनी डोक्यावर हंडे घेऊन रामधनच्या मळ्यातल्या विहिरीवर जायचं, जायला दीड कोस, यायला दीड कोस, आणि वर रामधनचं वाकडं तोंड पाहायचं.

संस्थेवाल्यांनी आधी विहिरीची मोजणी केली. तळापासून सहा फूट पाणी, असं लिहून घेतलं. त्याच होळीची गाठ लालीबाईने आपल्या निळ्या लुगड्याच्या चिंधीने मारली होती. मग इंजिनिअरने बंधाऱ्याची जागा ठरवली. त्याचा ट्रॅक्टर जिथवर जात होता ती जागा. लालीबाई पायपीट करत नाल्यावर गेली.

"सायेब, अठी नोका बांधू. अठी खडक फाटेल हाये. पानी थांबत नाई, खालून निंगून जाते. तिकडं पळसाच्या वरतं बांधा."

"सर्व्हे झालाय मावशी," इंजिनिअर म्हणाला आणि नकाशाची घडी घालून जीपमध्ये बसला.

श्रावणात बंधारा तुडुंब भरला. पूजा झाली, नारळ फुटला, पाण्यात पाय सोडून फोटो निघाले आणि शंकरसिंगच्या पेटीत एका शालीची भर पडली. दिवाळीला ओम आला तेव्हा त्या बंधाऱ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पाणी भिंतीवरून जात नव्हतं, भिंतीखालून जात होतं, आणि फलकावरची अक्षरं मात्र तशीच चकचकीत होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला तेव्हा तांड्याने कोणाची वाट पाहिली नाही. पुरुष तळाशी उतरले, बायका वरून घमेली ओढत राहिल्या, सतरा दिवसांत विहीर आठ फूट खोल गेली. शंकरसिंगनेही कुदळ मारली. त्याच्या हाताला आलेले फोड लालीबाईने स्वतः फोडून हळद भरली. निघालेल्या काळ्या चिकण मातीचा मोठा ढीग विहिरीच्या शेजारी तसाच पडून राहिला.

आणि मग, त्याच्या पुढच्या होळीनंतर, मूल्यमापनाची जीप आली.

जीपमधून मधुसूदनराव उतरले. यवतमाळच्या जुन्या वकील घराण्यातले, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, आणि आता लोकांनी केलेल्या कामांना गुण देत फिरणारे. बोलणं फार मऊ. ऐकणं मात्र त्यांनी निवृत्तीच्याही आधी सोडलेलं. सोबत शाल्मली नावाची पंचविशीतली त्यांची सहायक होती. ती यवतमाळचीच, पण पायात चप्पल साधी आणि नजर खाली विहिरीकडे, एवढं लालीबाईने तिच्यात बरं पाहून ठेवलं.

कडुनिंबाखाली सतरंजी पसरून मीटिंग बसली. शाल्मलीने आधी सगळ्यांना नियम समजावून सांगितला. बंधारा काम देत नसेल तर तसं रिपोर्टात लिहायचं, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात त्याची दुरुस्ती होईल. काम देत असेल तर प्रकल्प यशस्वी, बंधारा ग्रामपंचायतीच्या ताब्यात, आणि संस्था मोकळी. लालीबाईने तो नियम पदराच्या टोकाला बांधून ठेवावा तसा लक्षात ठेवला. म्हणजे खरं सांगितलं की दुरुस्ती. इतकं सोपं काम सरकारदरबारी कधी ऐकलं नव्हतं.

फॉर्मात सदतीस प्रश्न होते. मधुसूदनराव एकेक वाचत गेले.

"हवामान बदलाला तोंड देण्याची तुमची क्षमता एक ते पाचमध्ये किती वाढली, मावशी?"

"तोंड तर मले पयलेपासूनच हाये, सायेब. पाच लिवा."

बायका हसल्या. मधुसूदनरावांनी पाच लिहिले.

मग सगळे विहिरीवर गेले. मधुसूदनरावांनी वजन बांधलेली टेप तळापर्यंत सोडली, वर ओढली आणि ओला भाग मोजला. दहा फूट. त्यांनी जुना कागद काढला. सहा फूट. "चार फुटांची वाढ!" ते म्हणाले. "सहासष्ट टक्के. मी सांगतो, या पट्ट्यात असा परिणाम कुठे नाही." ड्रायव्हरने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. शंकरसिंगनेही वाजवली. ज्याच्या हातावरचे फोडांचे डाग अजून गेले नव्हते तो माणूस, आपणच खोल केलेल्या विहिरीचं श्रेय दुसऱ्याला देऊन, तोंडभर हसत टाळ्या पिटत होता. लालीबाईला त्या क्षणी नवऱ्याची इतकी लाज वाटली की तिने मान फिरवली.

"सायेब, पानी नाई वाढलं," ती म्हणाली. "तळ खाली गेला. आमी आठ फूट खंदलं. तुमी तळापासून मोजून राह्यले."

"हो का? छान, छान. लोकसहभाग." मधुसूदनरावांनी फॉर्म चाळला. विहीर कोणी आणि किती खोल केली याला त्यात जागा नव्हती, म्हणून त्यांनी फॉर्म मिटला.

लालीबाई घरात गेली आणि दोर घेऊन आली. काठच्या चपट्या दगडावर उभं राहून तिने शाल्मलीला निळी चिंधी दाखवली.

"हे पाय पोरी. तुमच्या लोकाईनं पयले मोजलं ना, त्या सालची हे गाठ. तवा दोर इथलोक सोडला का बादली पान्याले टेके. आता सोडतो."

तिने दोर सोडला. निळी गाठ दगडावर आली आणि बादली खाली विहिरीत अधांतरी लटकत राहिली. पाणी तिच्या खाली होतं, चांगलं खाली. शाल्मलीने दोर आणखी सोडायला लावला, बादली पाण्याला टेकली तेव्हा चिमटीत दोर धरला आणि निळ्या गाठीपासून मोजला. चार फूट.

"सर, पाणी चार फूट वाढलेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "चार फूट उतरलंय."

मधुसूदनराव समजुतीचं हसले. "मावशी, दोर आटतो. उन्हाने, ओलाव्याने. शास्त्रीय मोजणीत दोर चालत नाही."

"नायलॉनचा?" लालीबाईने विचारलं.

त्यांनी टेप गुंडाळली. पण दोर धरून उभी असलेली म्हातारी त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी तिला तसंच उभं राहायला सांगून तीन फोटो काढले. जाताना शाल्मली मागे राहिली. "आजी, मी हे लिहिते," ती म्हणाली. लालीबाईने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ती मुलगी लिहील याबद्दल तिला शंका नव्हती. लिहिलेलं पुढे कोण खोडतं, हे मात्र तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात यवतमाळला रिपोर्टाचा कार्यक्रम झाला. शंकरसिंगला सत्काराचं बोलावणं आलं आणि तो लालीबाईला घेऊन एसटीने गेला. पंख्याखालच्या गार हॉलमध्ये त्याला जरीच्या काठाची शाल मिळाली आणि रिपोर्टाचं गुळगुळीत पुस्तक मिळालं. पुस्तकावर लालीबाईचा फोटो होता. दोर विहिरीत सोडून उभी असलेली लालीबाई, मोठी, रंगीत. शंकरसिंगला आभाळ ठेंगणं झालं. "ओमच्या माय, पाय, तू बुकावर आली!" तो म्हणाला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसालाही त्याने ते दाखवलं.

लालीबाईने पुस्तक घेतलं आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या शाल्मलीकडे गेली. फोटोखाली काय लिहिलंय ते वाच म्हणाली. शाल्मलीने वाचलं.

"प्रकल्पामुळे वाढलेली पाणीपातळी पारंपरिक दोराने मोजून दाखवताना तांड्यातील लाभार्थी महिला. दोराची मोजणी आणि प्रकल्पाची मोजणी तंतोतंत जुळते."

"अन् बंधारा?"

"यशस्वी. दुरुस्तीची गरज नाही." शाल्मलीचे डोळे भरले होते. "आजी, मी खरं लिहिलं होतं. सरांनी काढून टाकलं. या महिनाअखेर मी हे काम सोडतेय."

"सोडल्यानं का बंधाऱ्याचं भोक बुजते, पोरी?" लालीबाई म्हणाली, पण तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय ती उठली नाही.

परतीच्या एसटीत लालीबाई खिडकीशी बसली आणि तिला रडू आलं. रडू आलं याचाच तिला जास्त राग आला. शेजारी शंकरसिंग नव्या शालीची घडी मांडीवर नीट करत होता. आपल्या सासूचा दोर, आपला हात, आपला चेहरा, आणि त्याखाली आपल्याच तोंडी घातलेली ही खोटी साक्ष. चोराने चोरी करावी आणि वर घरच्या मालकिणीलाच जामीन ठेवावं, तसली ही रीत. बंधारा आता कागदावर असा धडधाकट झाला होता की त्याला कोणी कधी हात लावणार नव्हतं. दीड कोसाची वाट आणि रामधनचं तोंड, दोन्ही पुन्हा दर उन्हाळ्याला ठरलेली.

दुसऱ्या दिवशी तिने ओट्यावर बायका गोळा केल्या. "पुस्तकानं भोक बुजत नाई," ती म्हणाली. "विहिरीची चिकन माती पडून हाये. उचला घमेले."

अकरा दिवस बायकांनी तो ढीग वाहून नाल्यात नेला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे खडक फाटला होता, तिथे त्यांनी भेगा साफ करून चिकण माती ओली करून भरली, धुमसाने चोपली, पुन्हा भरली, पुन्हा चोपली. भिंतीच्या पायथ्याशी मांडीएवढा जाड थर बसला. पुरुष पहिले तीन दिवस लांबून पाहत होते. चौथ्या दिवशी लालीबाईने तांड्याच्या नायकाला सगळ्यांसमोर धुमस आणून दिला आणि तो मुकाट्याने चोपायला लागला. या कामाला फलक लागला नाही आणि नारळही फुटला नाही.

त्या पावसाळ्यात बंधारा भरला आणि भरलेलाच राहिला. दिवाळीला पोरांना क्रिकेटसाठी दुसरी जागा शोधावी लागली. भादव्यातल्या एका मोठ्या पावसात विहिरीची एक बाजू आत ढासळली आणि तळाशी सहा-सात फूट मुरूम जाऊन बसला. पण वर पाणी इतकं होतं की तळाकडे पाहायला कोणी गेलं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी लालीबाईने दोर सोडला आणि बादली निळी गाठ यायच्या एक फूट आधीच पाण्याला टेकली. तिने ती पुन्हा वर घेतली, पुन्हा सोडली. मग चपट्या दगडावर बसून तिने एकटीनेच भागीरथाला हाक मारून सांगितलं, आणि नव्या सालची गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी कुत्री भुंकली.

मधुसूदनराव इंजिनिअरला घेऊन आले होते. शाल्मली नव्हती. केलेलं काम टिकलं की नाही याची ही तपासणी, असं ते म्हणाले. मार्च चालू होता. दुरुस्तीसाठी ठेवलेला पैसा एकतीस तारखेच्या आत खर्च करायचा होता, आणि गेल्या वर्षी सगळेच बंधारे यशस्वी ठरवून बसल्यामुळे आता दुरुस्तीला बंधारा मिळत नव्हता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. टेप विहिरीत गेली, मुरमाला टेकली आणि वर आली.

"आठ फूट," मधुसूदनराव गंभीर झाले. "गेल्या वर्षी दहा होतं. दोन फुटांची घट. बंधारा निकामी झालेला दिसतो."

"पाया उकरून नव्याने काँक्रीट भरावं लागेल," इंजिनिअर म्हणाला. बंधारा पाहायला तो अजून नाल्यावर गेलाही नव्हता. "परवा जेसीबी पाठवतो."

शंकरसिंगने मान डोलावली. जेसीबीचं पहिलं पातं त्या मांडीएवढ्या थरावरच पडणार होतं. बंधारा गळत होता तेव्हा यांनी त्याला हात लावला नाही, आणि आता तो पाणी धरतोय तर हे त्याला फोडायला निघालेत!

"सायेब, बंधाऱ्याले काई झालं नाई. विहीर ढासळली. तळ वर आला."

"मावशी, टेप खोटं बोलत नाही."

"टेप नाई बोलत. टेप कुठून धरा, हे मानसाले समजा लागते."

मधुसूदनराव हसले आणि फॉर्मवर लिहायला वाकले. लालीबाई घरात गेली. दोर खुंटीवरून काढला आणि टीव्हीवर ठेवलेलं गुळगुळीत पुस्तक उचललं. बाहेर येऊन तिने पुस्तक त्यांच्या फॉर्मवर ठेवलं.

"हे मीच हावो ना?"

"हो, अर्थात. फार सुंदर फोटो आलाय."

"खाली काय लिवलं हाये, वाचा. मोठ्यानं वाचा, मले वाचता येत नाई."

मधुसूदनरावांनी चष्मा नीट केला आणि सवयीने, आवाज चढवून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यावर त्यांचा आवाज उतरला. दोराची मोजणी आणि प्रकल्पाची मोजणी तंतोतंत जुळते.

"मंग जुळवा आता," लालीबाई म्हणाली.

तिने दोर सोडला. सगळा तांडा काठाला जमला होता. निळी गाठ दगडावर आली आणि खाली बादली गटकन बुडाली. गेल्या वर्षी ती याच गाठीवर अधांतरी लटकली होती, आणि ते पाहिलेला माणूस फॉर्म छातीशी धरून समोर उभा होता.

"ती ओळ माझ्या सहायिकेने..." मधुसूदनराव म्हणाले.

"नायक, बुकावर नाव कोनाचं हाये?"

शंकरसिंगने पुस्तक हातात घेतलं. ज्या पानावर बायकोचा फोटो होता ते पान त्याने वर्षभर पाव्हण्यारावळ्यांना दाखवलं होतं. त्याखालचं नाव त्याने आज पहिल्यांदा वाचलं. त्याने ते मोठ्याने पूर्ण वाचलं, मधुसूदनरावांच्या पदव्यांसकट. मग तो लालीबाईकडे बघत राहिला, आणि त्याने मान खाली घातली.

"सायेब, इचार करा," लालीबाईचा आवाज आता चढला नव्हता, उलट उतरला होता. "दोर खोटा हाये म्हना, मंग हे बुक खोटं. म्या हे बुक घेऊन यवतमाळले, जेनं पैसा देल्ला त्याच्या समोर जाऊन उभी राहीन, याच दोरासंग. दोर खरा म्हना, मंग बंधारा चांगला, अन् जेसीबी वापस. दोनातलं एक लिवा."

मधुसूदनरावांनी इंजिनिअरकडे पाहिलं; इंजिनिअर जीपच्या टायरकडे पाहत होता. मग त्यांनी आठचा आकडा खोडला, वाकून लिहिलं, आणि लालीबाईच्या सांगण्यावरून शंकरसिंगने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बंधारा सुस्थितीत. पाणीपातळीत वाढ कायम. दुरुस्तीची गरज नाही. खाली सही.

सही झाल्यावर मधुसूदनरावांच्या जिवात जीव आला. आता वाढ कायम म्हणजे कौतुकाचीच गोष्ट झाली. "पण मावशी," त्यांनी विचारलं, "बंधाऱ्याला मध्ये कोणी काही केलं होतं का?"

"तुमच्या फारमात त्याले जागा हाये का?"

"तशी नाही."

"मंग कायले इचारता? नाव तुमचंच लिवा. पानी आमच्याजवळ राहू द्या, बस."

ते खूष झाले. दोरासकट, नायकासकट एक फोटो हवा म्हणाले. शंकरसिंग बऱ्याच वेळाने हसला आणि यवतमाळची शाल आणायला घरात पळाला. पेटी उघडल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा शाल त्याच्या दोन्ही हातांत पसरलेली होती, आणि तिचा एका बाजूचा जरीचा काठ गायब होता.

लालीबाई बादली वर ओढत होती. दोर एकेक हात वर येत होता, सासूच्या फेटिया घागऱ्याची चिंधी, ओमच्या जुन्या सदऱ्याची चिंधी, आणि निळ्या गाठीच्या एक फूट खाली, या सालच्या गाठीला, ओला झालेला जरीचा काठ.